लेसच्या वर्गाला निघताय? आधी पिशवी आणि वही तयार करा



गेल्या काही बैठकांमध्ये एक विषय सारखा निघतोय. शिलाई झाली, पापड-मसाले झाले, आता क्रोशाची लेस शिकायची. मेळाव्यांमध्ये तिला गिऱ्हाईक असतं, घरात बसून करता येते, भांडवल कमी लागतं. काही जणी तर थेट आंध्रातल्या नरसापूरला जाऊन बघायचं, शिकायचं म्हणतायत. विचार चांगला आहे. पण वर्गाला जाण्याआधी घरी जी तयारी करायची असते, तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या मेळाव्यात दोन दिवसांचा क्रोशाचा वर्ग होता. गटानं मला पाठवायचं ठरवलं. जाण्यायेण्याचे आणि राहण्याचे १,८५० रुपये गटाच्या खात्यातून काढले. वर्गाच्या पत्रात एवढंच होतं, "सुई व दोरा सोबत आणावा." मी घरातली स्वेटरची जाड सुई उचलली आणि काळ्या दोऱ्याचा गुंडा घेतला. काळ्या साडीला लेस लावायची मनात होतं ना!

पहिला दिवस वाया गेला. काळ्या दोऱ्यात टाकाच दिसेना. सुई इतकी जाड की दोरा तिच्यातून सुटून जायचा. शिकवणाऱ्या ताई माझ्यापाशी थांबायच्या, पण वर्गात तीस जणी. त्या तरी किती वेळ थांबणार? बाजार लांब. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं तिची जादा सुई दिली तेव्हा हात जरा चालायला लागला, तोवर वर्ग संपत आला. गावी आले. बैठकीत सगळ्या म्हणाल्या, "दाखव काय शिकलीस." माझ्याकडे अर्धवट फूल. एक काकू सरळ म्हणाल्या, "मग आता आम्हाला कोण शिकवणार?" त्या रागावल्या नव्हत्या, पण मला मान वर करता आली नाही. पैसे माझे नव्हते, गटाचे होते.

ही पाळी तुमच्यावर येऊ नये.

आधी विचारा: कोणती लेस?

लेस म्हणजे एकच काम नव्हे. निदान तीन प्रकार आपल्या देशात चालतात आणि तिघांचं सामान वेगळं.

क्रोशाची लेस एका आकडेवाल्या सुईनं होते. आपल्याकडचे रुमाल, तोरणं, ताटावरची झाकणं याच सुईची. नरसापूरचं कामही हेच.

टॅटिंगला सुई नसते. होडीच्या आकाराचं छोटं शटल असतं, त्यावर दोरा गुंडाळायचा आणि बोटांवर गाठी मारत जायचं.

तिसरी उशीवरची लेस. गच्च भरलेल्या उशीवर नक्षीचा कागद लावतात, त्यावर टाचण्या टोचतात आणि लाकडी बॉबिनांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून फिरवत जातात. तमिळनाडूत नागरकोईलच्या भागात ही कला जुनी आहे. या वर्गाला जायचं तर बॉबिनांवर दोरा घरूनच गुंडाळून न्यावा लागतो. तिथं गुंडाळत बसलं तर सकाळ त्यातच जाते.

म्हणून वर्गाची माहिती आली की फोन करून पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा:

१. लेस कोणती, क्रोशा की दुसरी?
२. दोरा कोणत्या नंबरचा?
३. सुई किती मिलिमीटरची?
४. सामान तिथं मिळतं की घरून आणायचं? मिळत असेल तर पैसे वेगळे का?
५. घरून काही करून आणायचं आहे का?

"सुई-दोरा घेऊन या" या उत्तरावर फोन ठेवू नका. नंबर विचारा. मी तो विचारला नाही, तिथंच चुकले.

या लेखात पुढं क्रोशाचंच सांगते, कारण आपल्या गटांना तेच शिकायचं आहे.

नरसापूर कुठं आहे आणि काय आहे

नरसापूर हे आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं गाव. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली, नाशिक, पैठण, नांदेड करत गेलेली आपलीच गोदावरी समुद्राजवळ फाटे फोडते. त्यातल्या वसिष्ठ गोदावरी नावाच्या फाट्याच्या काठावर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी इथल्या बायकांना क्रोशा शिकवला. आज नरसापूर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी बायका ओट्यावर बसून लेस विणतात आणि ती परदेशात जाते. जवळच लेस पार्कही उभारलेलं आहे.

२०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ज्याला जीआय म्हणतात ते. आपल्या पैठणीला आहे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे, तसंच. याचा आपल्याशी संबंध असा की तिथून शिकून आलो तरी आपल्या मालावर "नरसापूर लेस" असं लिहून विकता येत नाही. ते नाव त्या भागातल्या कामाचं आहे. आपण आपल्या गावाचं, आपल्या गटाचं नाव लावायचं. हे पहिल्यापासून डोक्यात ठेवा, म्हणजे लेबलं छापताना पैसे वाया जाणार नाहीत.

सुई आणि दोरा: आकडे समजून घ्या

दोऱ्याच्या गुंड्यावर १०, २०, ४०, ६०, ८० असे नंबर असतात. नंबर जेवढा मोठा, तेवढा दोरा बारीक. म्हणजे १० नंबर जाड आणि ८० नंबर अगदी केसासारखा. शिकायला २० नंबर बरा. टाका दिसतो आणि काम फार जाडही होत नाही.

सुईचे दोन प्रकार. लोकरीची सुई २ मिलिमीटरपासून वर असते, ती बहुतेक अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची. लेसची सुई त्याहून बारीक आणि स्टीलची. स्टीलच्या सुयांवर कंपनी-कंपनीचे नंबर वेगळे असतात, त्यामुळे दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. साधारण हिशोब असा:

१० नंबर दोऱ्याला १.५ मिमीची सुई.
२० नंबरला १.२५ मिमी.
४० नंबरला १ मिमी.
६० आणि ८० नंबरला ०.७५ मिमी किंवा त्याहून बारीक.

हा हिशोब सगळ्यांना तंतोतंत लागू पडत नाही, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. कोणी दोरा ओढून धरते, कोणी सैल सोडते. म्हणून सांगितलेल्या मापाची एक, त्याहून एक बारीक आणि एक जाड, अशा तीन सुया न्या. जास्तीची सुई वाया जात नाही. आपल्याला लागली नाही तर शेजारणीला लागते. मला लागली होती.

रंग पांढरा, मोतिया किंवा फिका गुलाबी घ्या. काळा, जांभळा, गडद लाल शिकताना नको. टाका मोजता येत नाही आणि चुकला तर सापडत नाही. मांडीवर टाकायला मात्र गडद रंगाचं फडकं न्या. गडद फडक्यावर पांढरा टाका उठून दिसतो.

पिशवीतलं बाकी सामान

लहान कात्री, टोकाला टोपण असलेली. टोपण नसेल तर टोकावर जुन्या रबरी चपलेचा तुकडा खोचा.

बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. विणून झालं की दोऱ्याची टोकं टाक्यांच्या आत लपवायला हीच लागते. टोकदार सुई दोरा चिरते.

मापाची टेप.

दहा-बारा सेफ्टी पिना. टाका मोजताना खूण म्हणून अडकवायला. नाहीतर रंगीत दोऱ्याचे तुकडे चालतात.

स्टीलच्या, गंज न धरणाऱ्या टाचण्या. लेस धुऊन ताणून वाळवताना साध्या टाचणीचा गंज उतरतो, आणि पांढऱ्या लेसवरचा गंजाचा डाग निघत नाही.

चष्मा. जवळचं दिसायला त्रास होत असेल तर वर्गाच्या आधी डोळे तपासून घ्या. "चालतंय की" म्हणू नका. बारीक दोऱ्यावर सहा तास बसायचं आहे. डोकं धरलं तर शिकणं कुठलं?

हातरुमाल दोन. किनारपट्टीला दमट हवा असते, हाताला घाम येतो, पांढरा दोरा मळतो. हात धुऊन, पुसून मगच काम हातात घ्यायचं. तेलकट हात तर अजिबात नको.

वही, पेन आणि एक पेन्सिल. वहीबद्दल पुढं सविस्तर सांगते.

आता हे भरायचं कसं? सुया चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवा. पिशवीत सुट्या ठेवल्या तर आकडा पिशवीच्या कापडात अडकतो आणि वाकतो. दोऱ्याचा गुंडा झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा आणि झाकणाला गरम खिळ्यानं भोक पाडून दोरा त्यातून बाहेर काढा. गुंडा घरंगळत नाही, धूळ बसत नाही. भोकाच्या कडा मात्र घासून गुळगुळीत करा, नाहीतर दोरा खरवडतो.

घरून काय करून न्यायचं

वर्गातला वेळ महाग असतो. जे घरी जमतं ते घरीच करा.

पहिलं, साखळी. बऱ्याच नक्ष्यांची सुरुवात लांब साखळीनं होते. ८०-१०० साखळ्या वर्गात मोजत बसलात तर ताईंचं निम्मं सांगणं निघून जातं. दर २० साखळ्यांवर एक पिन अडकवा, म्हणजे मोजणी चुकत नाही. चार-पाच साखळ्या जास्तीच्याच घाला. जास्तीच्या मागून सोडवता येतात, कमी पडल्या तर सगळं उसवावं लागतं.

आणि एक साधा हिशोब पाठ करा. खांबाची ओळ सुरू करताना तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. म्हणून २० खांब हवे असतील तर २२ साखळ्या घालायच्या. १९ साखळ्यांवर १९ खांब, आणि उरलेल्या तीन साखळ्यांचा पहिला.

दुसरं, नमुन्याचा तुकडा. सांगितलेला दोरा आणि सुई घेऊन चार इंच लांब, चार इंच रुंद असा खांबांचा चौकोन विणा. धुवा, टाचण्या लावून वाळवा आणि मग चार इंचात किती खांब बसले ते मोजा. समजा वर्गाच्या पत्रात ३० खांब म्हटलंय आणि तुमचे ३४ बसले, तर तुमचा हात घट्ट आहे. एक माप जाड सुई घ्या. २६ बसले तर हात सैल आहे; एक माप बारीक घ्या.

हे कशाला, असं कोणी म्हणेल. गटाची ऑर्डर आठवा. सहा जणी मिळून टेबलक्लॉथ करणार, प्रत्येकीचे सहा चौकोन. एकीचा चौकोन चार इंचांचा आणि दुसरीचा साडेचार इंचांचा झाला तर जोडायचं कसं? काम सुबक असूनही माल परत येतो. एकटीच्या कामात माप थोडं इकडं-तिकडं झालेलं चालतं, गटाच्या कामात चालत नाही.

तिसरं, हाताची सवय. जाण्याआधी पंधरा दिवस रोज अर्धा तास साखळी, मुका खांब आणि खांब एवढंच करा. नवीन नक्षी वर्गात शिकू. पण सुई धरायला वर्गात शिकायचं नाही.

भाषा वेगळी, खुणा त्याच

नरसापूरकडे तेलुगू बोलतात. हिंदी कोणाला येते, कोणाला नाही. इंग्रजी पुस्तकातली नावं तर आणखी घोटाळ्याची. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडमध्ये डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकेत डबल, इंग्लंडमध्ये ट्रेबल. नुसतं नाव ऐकून विणलं की नक्षी बिघडते.

यावर उपाय म्हणजे खुणांचा तक्ता. क्रोशाच्या नक्षीच्या चित्रात ठरलेल्या खुणा असतात:

लहान लांबट गोल म्हणजे साखळी.
फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब.
इंग्रजी टी अक्षरासारखी रेघ, तिच्यावर एक तिरकी काट, म्हणजे खांब.
त्याच रेघेवर दोन काटा असतील तर दोन वेढ्यांचा लांब खांब.

या चार खुणा ओळखता आल्या तर शिकवणारी कुठल्याही भाषेत बोलू दे, चित्र बघून तुम्ही विणू शकता. ज्या ताईंना वाचायला अडचण आहे त्यांनाही हे जमतं, कारण यात अक्षर नाही. जाण्याआधी बैठकीत फळ्यावर काढून सगळ्यांना शिकवा.

थोडे तेलुगू शब्दही कामाला येतात. दारम म्हणजे दोरा. सूदी म्हणजे सुई. नेम्मदिगा म्हणजे हळूहळू. एंत म्हणजे केवढ्याला किंवा किती. आणि सगळ्यात कामाचं वाक्य, "मळ्ळी चूपिंचंडी", म्हणजे पुन्हा एकदा दाखवा. हे म्हणायला लाजू नका.

प्रवास

आपल्या मराठवाड्यातल्या आणि नाशिककडच्या बायकांना एक सोय आहे. येवला तालुक्यातल्या नगरसोल स्टेशनवरून थेट नरसापूरपर्यंत रेल्वे जाते. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी करत पुढं सिकंदराबाद, विजयवाडा आणि मग नरसापूर. गाडी बदलावी लागत नाही. साधारण एक दिवस आणि एक रात्र धरून चाला. गाडीचे वार आणि वेळ बदलतात, म्हणून निघण्याआधी स्टेशनवर किंवा १३९ या रेल्वेच्या नंबरवर विचारून घ्या.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. वर्गाची तारीख पक्की झाली की त्याच आठवड्यात तिकीट काढा. एका फॉर्मवर सहा जणींची नावं बसतात, तेव्हा सगळ्यांचं एकत्रच काढा, म्हणजे जागा जवळजवळ मिळण्याची शक्यता जास्त. परतीचंही त्याच दिवशी काढता येतं का बघा. वेटिंग राहिलेल्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढू नका. रात्रीचा प्रवास आहे, उभं राहायची वेळ येते. ४५ वर्षांच्या पुढच्या बायकांना खालच्या बाकासाठी प्राधान्य असतं, म्हणून फॉर्मवर वय बरोबर लिहा. आधार कार्ड मूळ जवळ ठेवा आणि झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत.

पोहोचण्याची वेळ अशी निवडा की वर्गाच्या आदल्या दिवशी उजेडात उतराल. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट वर्गात बसलं तर डोळे मिटतात. राहायची सोय कुठं आहे, स्टेशनपासून किती लांब, रिक्षाला साधारण किती पडतात, हे आधीच फोनवर विचारा. एकटीनं जाऊ नका, निदान दोघी जा. दोघी गेल्या तर एकीला न समजलेलं दुसरीला समजलेलं असतं, हाही फायदा.

खाण्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. खाण्याची पिशवी आणि दोऱ्याची पिशवी मात्र वेगळी. चटणीचं तेल दोऱ्याला लागलं तर सगळं मुसळ केरात. रोजची औषधं, पाळीचे कपडे किंवा पॅड, ओढणी, टॉर्च. मोबाइलचा चार्जर विसरू नका. तपासनीस किंवा पोलीस हवे असतील तर त्याच १३९ वर तक्रार करता येते.

आणि घरचं. जनावरांचं कोण बघणार, शाळेचा डबा कोण करणार, पाणी कोण भरणार, हे निघायच्या आदल्या रात्री नको, आठ दिवस आधी ठरवा. कापूस वेचणीच्या किंवा सोंगणीच्या ऐन दिवसांत वर्ग असेल तर पुढच्या वर्गाची वाट बघा. मन घरात अडकलेलं असेल तर हात चालत नाही.

गटाचा ठराव

पैसे गटाचे किंवा ग्रामसंघाचे असतील तर बैठकीत ठराव झालाच पाहिजे. कोण जाणार, किती खर्च, परत आल्यावर किती जणींना किती दिवसांत शिकवणार, हे तिन्ही लिहून सह्या घ्या. जाणारी निवडताना एकच बघा: जिला थोडाफार क्रोशा येतो आणि जी दुसऱ्याला समजावून सांगू शकते ती. अध्यक्ष आहे म्हणून किंवा पाहुणी आहे म्हणून नको. तिकीट, रिक्षा, जेवण, दोरा, सगळ्याच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. पावती नसेल तिथं वहीत त्याच दिवशी लिहा.

वर्गात बसल्यावर

पुढं बसा, उजेडाकडे पाठ किंवा डावी बाजू करून, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्या असाल तर आधीच सांगा आणि शिकवणाऱ्या ताईंच्या बरोबर समोर बसा. आरशात बघितल्यासारखं दिसतं आणि तसंच करता येतं.

प्रत्येक नवीन नक्षीचा लहान तुकडा करून त्याला चिठ्ठी बांधा: दोरा कोणता, सुई कोणती, किती साखळ्यांनी सुरुवात. घरी आल्यावर महिनाभरानं काहीच आठवत नाही. व्हिडिओ काढायचा तर विचारून काढा. त्यांच्या नक्ष्या ही त्यांची कमाई आहे.

तासांची वही

आता सगळ्यात महत्त्वाचं. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांमध्ये राहून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यात दिसलं ते असं: घरचं सगळं काम करून बायका दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणायच्या. पण त्यांना कामगार कोणी म्हणत नसे. "घरात बसून फावल्या वेळात करतात" असंच धरलं जायचं. मजुरी शेतमजूर बाईच्या रोजापेक्षाही कमी पडायची, आणि लेस परदेशात विकून व्यापारी मोठे झाले. कला उत्तम होती, हातही चांगले होते. पण तास कोणी मोजले नव्हते.

"फावल्या वेळात" हा शब्द आपल्याकडेही आहे. म्हणून वर्गाच्या पहिल्या तुकड्यापासून वहीत तीन गोष्टी लिहा: सुरू केलं कधी, संपलं कधी, दोरा किती लागला. मध्ये उठलात तर तो वेळ वजा करा.

मग हिशोब असा करायचा. समजा आपल्याकडे निंदणीचा रोज ८ तासांना ३२० रुपये आहे. म्हणजे ताशी ४०. एका रुमालाला ९ तास लागले तर मजुरी ३६०. दोरा ५० रुपयांचा, धुणं, खळ आणि पिशवी १० रुपये. एकूण ४२०. आता व्यापारी आला आणि म्हणाला, "ताई, १५० देतो." त्यातून सामानाचे ६० गेले, उरले ९०. नऊ तासांचे ९०, म्हणजे ताशी १०. वही नसती तर वाटलं असतं, १५० मिळाले!

याचा अर्थ लेस करू नका असा नाही. कोणती करायची ते वही सांगते. अख्खा रुमाल विकत नसेल तर ब्लाउजच्या बाहीची, ओढणीच्या काठाची झालर मीटरवर करून बघा. ती किती वेळात होते, भाव काय मिळतो, ते लिहा. चार-पाच प्रकार लिहून झाले की बैठकीत समोर ठेवा. आणि नरसापूरला गेलात तर तिथल्या बायकांनाही हेच विचारा: एका नगाला किती तास, हातात किती पडतात, दोरा कोणाचा. नक्षीइतकंच हेही शिकून यायचं आहे.

परत आल्यावर

आठ दिवसांच्या आत गटाला शिकवायला बसा, हात गरम असतानाच. तुकडे, चिठ्ठ्या आणि वही ग्रामसंघात ठेवा, घरी कपाटात नको. मी नंतर दुसऱ्यांदा वर्गाला गेले ते स्वतःच्या पैशानं. आज आमच्या गटात सात जणी झालर विणतात, आणि त्या काकूंची झालर सगळ्यांत सरळ असते.

निघताना टिक करा

फोनवर पाचही प्रश्न विचारले □
सुया तीन मापांच्या, डबीत □
फिक्या रंगाचा दोरा, दोन गुंडे □
गडद फडकं, हातरुमाल, चष्मा □
कात्री, बोथट सुई, टेप, पिना, टाचण्या □
मोजून घातलेली साखळी आणि चार इंचांचा तुकडा □
खुणांचा तक्ता □
तिकीट, आधार, औषधं, चार्जर □
ठरावाची प्रत आणि पावत्यांचं पाकीट □
तासांची वही □